मक्याला चुना का लावतात?

प्रश्न (निपाणी) : सोमनाथपूरच्या देवळातल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत, म्हणजे कोलंबसाआधीच कर्नाटकात मका होता, असं वाचलं. खरं का?

उत्तर : देऊळ होयसळांचं, १३व्या शतकातलं. हातातली वस्तू कणसासारखी दिसते खरी आणि १९८९ साली अमेरिकी संशोधकांनी तसा दावा केलाही होता. इथल्या मका-तज्ज्ञांनी तो खोडून काढला. ते मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ, ‘मुक्ताफळ’, असं त्यांचं म्हणणं, आणि तेच पटण्यासारखं आहे. दगडातल्या कणसापेक्षा मातीतला दाणा पक्का पुरावा, आणि कोलंबसाआधीचा दाणा भारतात निर्विवादपणे मिळालेला नाही. मक्याचं माहेर मेक्सिकोतलं बाल्सास नदीचं खोरं. तिथल्या तेओसिंते नावाच्या रानगवतापासून सुमारे ९००० वर्षांपूर्वी तो घडवला गेला. १४९२नंतर तो युरोपात गेला. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला असं मानतात.

प्रश्न (खानापूर) : मेक्सिकोत मका चुन्यात शिजवतात म्हणे. कशासाठी? भाकरीला तसा मका चालेल का?

उत्तर : चालेल, आणि भाकरी कमी चिरते. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व दाण्यात असं बांधलेलं असतं की शरीराला ते फारसं मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. युरोपने दाणा नेला, चुना मात्र मागेच राहिला. मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना मग पेलाग्रा झाला : मान आणि हात लाल होऊन सोलायचे, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५मध्ये तो नोंदवला. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गरने १९१४पासून दाखवून दिलं की हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे. ती नायसिनची, हे १९३७मध्ये कळलं. आपल्या ताटात भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि डाळ असते. शेंगदाण्यात नायसिन भरपूर, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

आता कृती. वाळलेला मका १ किलो, पाणी ३ लिटर, खाण्याचा कोरडा चुना १० ग्रॅम. निपाणीकडे घरोघरी असतो तसला डबीतला ओला चुना असेल तर साधारण दुप्पट घ्या, निम्मं तर पाणीच असतं. मात्र रंग-वास घातलेला नको. कळीचा चुना अजिबात नको, पाण्यात पडताच उकळी फुटून भाजतं. चुना पाण्यात कालवून मका घाला, उकळी आल्यावर मंद आचेवर ३०-४० मिनिटं ठेवा. दाणा चिमटीत चोळल्यावर साल निसटली, पण दाणा फोडल्यावर मध्ये अजून कडक लागला, की गॅस बंद. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी पिवळं पाणी ओतून द्या आणि तीन-चार पाण्यांत चोळून साली काढा.

भांडं स्टीलचंच, ॲल्युमिनियमला चुना खातो. चुना जास्त झाला तर साबणासारखी कडवट चव येते, कमी पडला तर साल सुटत नाही. जास्त शिजवलं तर पीठ चिकट होऊन तव्याला धरतं. दळायला पाटा किंवा इडलीचा ग्राइंडर. गिरणीत ओला दाणा नेलात तर जातं चोंदेल आणि गिरणीवाला बोलेल ते वेगळंच. पाणी बेतानं, दळण बारीक. भरड राहिलं की कडा चिरतात. पेरणीच्या पिशवीतला गुलाबी दाणा कधीही वापरू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, धुऊन जात नाही. स्वीट कॉर्नही यासाठी निरुपयोगी, नुसता लगदा होतो. मळलेलं पीठ त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतं.