बांधावरचे प्रश्न : जिप्सम दोनदा टाकलं, तरी जमीन उठेना

(या सदरात उत्तरं देणाऱ्या ताई सांगलीतल्या माती तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या असून मिरज तालुक्यात घरची शेती बघतात.)

प्रश्न : आमची सव्वातीन एकर काळी जमीन कॅनॉलच्या खालच्या अंगाला आहे. वडिलांच्या वेळेस ऊस एकरी ५५-६० टन पडायचा. आता लावणीला २४ टन, आणि खोडवा ठेवायची सोयच राहिली नाही. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं फुटतं, पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. दुकानदाराच्या सांगण्यावरून लागोपाठ दोन वर्षं एकरी २ टन जिप्सम विस्कटलं. फरक काही नाही. जमीन आरोग्य पत्रिकेवर सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लता) ८.३ आणि क्षारता ‘सर्वसाधारण’ असं आहे. मग पत्रिका खोटी की जिप्सम भेसळीचं?
— एक शेतकरी, पलूस तालुका

उत्तर : दादा, पत्रिका खरी असेल आणि जिप्समही चोख असेल. तरी जमीन उठणार नाही, असं होतं. माझ्या घरी झालंय.

आधी पत्रिकेचं बघू. जमीन आरोग्य पत्रिकेची ही सरकारी योजना २०१५ साली सुरू झाली तेव्हा बागायती भागात दर अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचा, असं ठरलं होतं. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. तेवढ्यात तुमच्या गावात चार जणांचे गट येत असतील. तुमच्या पत्रिकेवरची माती तुमच्याच वावरातली होती, की वरच्या अंगाच्या शेजाऱ्याची, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नमुना घेताना तुम्ही तिथं उभे होतात का? नसाल, तर तो आकडा गावाचा अंदाज म्हणून ठेवा, त्यावर जिप्समचा हिशोब करू नका.

दुसरं, पत्रिकेत बारा घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मातीच्या कणांना चिकटून बसलेला सोडियम त्यात नाही. जमीन चोपण (म्हणजे सोडियममुळे घट्ट झालेली, पाणी न मुरणारी) आहे की नाही, ते हाच सोडियम ठरवतो. पुस्तकात त्याची रेघ १५ टक्क्यांवर ओढलेली असते, पण आपल्या कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत त्याच्या बऱ्याच आधी पाणी मुरायचं थांबतं.

आणि सामू ८.३ बघून निवांत राहू नका. जमिनीत मीठ भरपूर असलं की ते सामूला दाबून धरतं. सोडियम भरलेला असूनही सामू साडेआठच्या आतच दिसतो. नुसतं पाणी सोडून मीठ धुतलं, की तोच सामू वर उसळतो आणि माती शेवाळलेल्या फरशीसारखी निसरडी होते. क्षारयुक्त-चोपण म्हणतात ती जमीन हीच. पांढरं फुटणं आणि पाय रुतणं या दोन्ही खुणा तुम्ही लिहिल्यात, म्हणून मला तोच संशय आहे.

आता जिप्समचं. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला ढकलून त्याची जागा घेतो. सुटलेल्या सोडियमचं सोडियम सल्फेट होतं. तेही मीठच, पण पाण्यात विरघळणारं. ते पाण्याबरोबर खाली जाऊन वावराबाहेर पडलं तर काम झालं. खाली दोन-अडीच फुटांवर पाणीच उभं असेल तर ते जाणार कुठं? उन्हाळ्यात ऊन वरून ओढतं आणि मीठ परत माथ्यावर. घर झाडून केर उंबऱ्याच्या आतच ठेवल्यासारखं.

माझ्या सासरी नदीकडच्या बाजूला दोन एकरांची पट्टी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा लोक तिला सोन्याची पट्टी म्हणत. सासरे रात्रीची लाइट आली की मोटर चालू करून झोपायचे, सकाळी पाणी बांधाला टेकलेलं असायचं. मी दिवसभर जिल्ह्यातल्या लोकांची माती तपासायची आणि घरच्या मातीची पुडी पंधरा वर्षांत एकदाही ऑफिसात नेली नव्हती. उसाचे डोळे जागेवरच कुजायला लागले तेव्हा जागी झाले. तोवर सासऱ्यांनी कुणाच्या तरी सल्ल्यानं जिप्समची ट्रॉली उतरवलीही होती.

त्या वर्षी मी चार थरांतून माती काढली : वरचा अर्धा फूट, त्याखालचा अर्धा फूट, मग दोन फुटांपर्यंतचा आणि तीन फुटांपर्यंतचा थर. मे महिन्यात वरच्या थराची क्षारता ९.४ आली आणि सगळ्यात खालच्या थराची ३.१. (हे आकडे माती पाण्यानं संपृक्त करून काढलेल्या अर्काचे, डेसिसिमेन्स प्रति मीटरमध्ये. त्यात ४ च्या वर गेलं की जमीन क्षारयुक्त धरतात. पत्रिकेवरचा आकडा पातळ द्रावणाचा असतो, म्हणून लहान दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करू नका.) मग पाऊस झाला. ऑक्टोबरात त्याच जागेची माती काढली, तर वर ३.६ आणि तीन फुटांवर ६.२. सासरे कागद बघून म्हणाले, “उतरलं की गं मीठ!”

उतरलं होतं, पण तीनच फूट. पुढच्या मे महिन्यात वरचा आकडा पुन्हा नऊच्या घरात.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते, मे ची तुलना मे शी करा आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशी. जागा तीच, खोली तीच, महिना तोच. एका वर्षी उन्हाळ्यात आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीत माती काढून ‘जमीन सुधारली’ म्हणणारे कागद मी नोकरीत खूप पाहिलेत. काही कागदांवर तर साहेबांची सहीही असायची.

तुम्ही जिप्समची तिसरी ट्रॉली मागवण्याआधी वावरात एक नळी बसवा. दोन इंची पीव्हीसी पाइपचा सात फूट तुकडा घ्या. खालच्या पाच फुटांत गरम खिळ्यानं भोकं पाडा, त्याच्याभोवती नायलॉनची जाळी गुंडाळा. गिरमिटानं सहा फूट भोक घेऊन ती उभी सोडा, कडेनं जाड वाळू भरा, वरचा फूटभर भाग मातीबाहेर राहू द्या आणि टोपण लावा. दर रविवारी सुतळीला जड बोल्ट बांधून आत सोडायचा. पाण्याला टेकला की ‘डुबुक’ वाजतं. सुतळीला गाठ मारा, बाहेर काढून मोजा, नळीचा बाहेरचा फूट वजा करा, कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे पहिल्या एप्रिलात पाणी सव्वादोन फुटांवर होतं. कॅनॉलला पाणी सुटलं की आठवड्याभरात ते वीतभर चढायचं, आमची मोटर बंद असली तरी. तेव्हा कळलं की निम्मं दुखणं वरून येतंय आणि निम्मं आम्हीच पाजतोय. भारी जमिनीत हे पाणी उन्हाळ्यातसुद्धा चार-पाच फुटांच्या खाली राहिलं पाहिजे. (२०१९ च्या महापुरात ती नळी गाळानं गच्च भरली. नवी बसवावी लागली. टोपण घट्ट लावा.)

नळीत पाणी वर दिसलं, तर पहिला खर्च निचऱ्याचा. उघडे चर काढले तर जमीन जाते आणि दोन वर्षांत चर बुजतात. त्यापेक्षा जमिनीखाली साधारण चार फुटांवर भोकं असलेला, कापड गुंडाळलेला नालीदार पाइप टाकतात. दोन ओळींत अंतर किती ठेवायचं ते माती बघून ठरतं, शेजारच्या गावाचा नकाशा उचलून आणू नका. आपल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात यावर बरीच वर्षं काम झालंय, एकदा जाऊन या. घोडं अडतं ते पाणी बाहेर काढायच्या तोंडाशी. तुमचा पाइप ओढ्यापर्यंत न्यायचा तर खालच्या तिघांच्या वावरातून जाणार. जमिनीखालचं पाणी गट नंबर बघत नाही, पण माणसं बघतात. आम्हाला पाइप पुरायला नऊ दिवस लागले आणि खालच्या भावकीला राजी करायला दोन वर्षं.

निचरा चालू झाल्यावर मग जिप्सम. तेही अंदाजानं नको, प्रयोगशाळेत ‘जिप्समची गरज’ काढून मागा आणि आलेली मात्रा हप्त्यांत टाका. वरच्या पाच-सहा इंचांत नीट मिसळा, मग पाणी द्या. पाठोपाठ धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) करा आणि फुलोऱ्याआधी गाडा. शेवटी, विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही तपासून घ्या. बोअरच्या पाण्यातच सोडा (सोडियमचे क्षार) असेल, तर एका हातानं जिप्सम आणि दुसऱ्या हातानं सोडा टाकण्याचा खेळ चालू राहतो. आमच्या पट्टीत निचऱ्यानंतर पाचव्या मे महिन्यात वरच्या थराचा आकडा ३ च्या खाली आला. ऊस पहिल्यासारखा नाही, पण ४५ टन पडला. तुम्ही एकदम लावणीच्या मागं लागू नका. मधली दोन वर्षं गहू घ्या, तो उसापेक्षा जास्त मीठ सोसतो.

प्रश्न : प्रयोगशाळेत न जाता घरी काही कळतं का? — कवठे महांकाळहून एक वाचक

उत्तर : थोडं कळतं. हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ घ्या आणि काचेच्या पेल्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका, पेल्याला हात लावू नका. ढेकूळ जसंच्या तसं राहिलं तर उत्तम. फुटून चुरा झाला पण पाणी नितळ राहिलं, तर मातीत धरून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य कमी आहे. ढेकळाभोवती ताकाच्या निवळीसारखं धुकं पसरलं आणि सकाळपर्यंत सगळा पेला गढूळ झाला, तर सोडियम. एक फसवणूक मात्र ध्यानात ठेवा : मीठ फार असलेल्या मातीचं पाणीही नितळच राहतं. म्हणून पांढरं फुटलेल्या जागेचं वरचं ढेकूळ घेऊ नका, फूट-दीड फुटाखालचं घ्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलंत तरी चाचणी वाया गेली.

प्रश्न : मुलगा मोबाइलवर उपग्रहाचा हिरवा-पिवळा नकाशा दाखवतो आणि म्हणतो, आता माती तपासायची गरज नाही. खरं आहे का? — एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : मुलाला रागावू नका, नकाशा कामाचा आहे. या नकाशांसाठी बहुतेक वेळा वापरतात त्या युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. म्हणून आपल्याला तो वाचायला सोपा. पण उपग्रहाला दिसतं पान, माती नाही. पान पिवळं पडलं ते मिठानं, लोहाच्या कमतरतेनं, हुमणीनं, की तुम्ही पाण्याची पाळी चुकवली म्हणून, हे तो सांगत नाही. आणि ऊस पूर्ण वाढून सरी झाकली की सगळंच हिरवंगार दिसतं, चांगलं-वाईट कळत नाही. म्हणून ऊस गुडघा-कमरेएवढा असतानाचे तीन-चार वर्षांचे नकाशे मुलाला काढायला सांगा. दर वर्षी तेच गुंठे पिवळे येत असतील, तर गिरमिट घेऊन तिथंच जा, आणि एक नमुना हिरव्या गुंठ्यातूनही घ्या. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले की अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

प्रश्न : आमच्याकडे पाण्याचं नाही, उताराचं दुखणं आहे. माळाची जमीन, वीतभर माती आणि खाली मुरूम. सेंद्रिय कर्ब ०.३ आलाय. तीन वर्षं शेणखत घालतोय, आकडा हलत नाही. — एक शेतकरी, आटपाडी तालुका

उत्तर : तो इतक्यात हलणारही नाही. आपल्या उन्हात कर्ब जळतो भराभरा आणि साठतो सावकाश. दर वर्षी तपासणीला पैसे घालू नका, तीन वर्षांनी एकदा पुरे. तोवर माती जाते किती, ते बघा. बांधाच्या सांडीजवळ (पाणी बाहेर पडतं तिथं) पहिल्या मोठ्या पावसात लिटरची बाटली भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी तळाशी किती बोटं गाळ बसला ते पट्टीनं मोजा. दर वर्षी पहिल्या मोठ्या पावसालाच भरा. शिवाय उतारावर पाच-सहा ठिकाणी हातभर लांबीच्या सळ्या जमिनीशी सपाट ठोका आणि दसऱ्याला बघा किती उघड्या पडल्या. माती जागेवर राहिल्याशिवाय शेणखत टिकणार नाही, ते पावसाबरोबर ओढ्यात जातं आणि खालचा शेतकरी फुकटात खातो. आधी बांध दुरुस्त करा, पेरणी उताराला आडवी करा.

प्रश्न : नमुना कसा आणायचा, थोडक्यात सांगा. — मिरजेहून एक वाचक

उत्तर : खत टाकून किमान दोन-अडीच महिने झालेले असावेत. बांध, झाडाची सावली, उकिरडा आणि जनावरं बसायची जागा सोडा. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या, कडेची माती काढा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. वाळवायची सावलीत. आणि कृपा करून खताच्या रिकाम्या पोत्यात आणू नका. एकदा एका नमुन्याचा पालाश इतका आला की मी तीनदा यंत्र तपासलं. मग पिशवी उलटी करून बघितली, तर शिवणीत पोटॅशचे लाल खडे. चिठ्ठीवर गट नंबर, खोली आणि महिना लिहा, तेही पेन्सिलीनं. शाई ओल्या मातीत पुसली जाते.