पडद्याला कोपर नसतं

प्रिय मुली,

तू पाठवलेले फोटो पाहिले. आईने पडदे बदलले आणि जुने बोहारणीकडे जायच्या आत तू ते अडवलेस, हे उत्तम केलंस. बोहारणीने घासाघीस करून फार तर एक स्टीलचा डबा दिला असता. आता त्यातून कुर्ता, जॅकेट, भाचीला फ्रॉक असं बरंच काही तू मनात धरलं आहेस, सोबत डिझाइनची चित्रंही जोडली आहेस. चित्रं तूर्त बाजूला ठेव. नवं घेताना आपण आधी कपडा ठरवतो आणि मग त्याला साजेसं कापड शोधत दुकानं पालथी घालतो. जुन्यात उलटं चालतं. कापड समोर आहे ते आहे. त्याला काय जमेल, एवढंच तुला ओळखायचं आहे.

पडदा लोंबण्यासाठी असतो. त्याला कोपर नाही, गुडघा नाही, तो कधी मांडी घालून बसलेला नाही आणि त्याला घाम येत नाही. अंगावर चढवल्यावर ही सगळी कामं त्याच्यावर एकदम येऊन पडतात. म्हणून बेतण्याआधी विचार कर की या कपड्यात कापड कुठे लोंबणार आहे आणि कुठे वळणार आहे. खांद्यावरून सरळ खाली येणारा कुर्ता, बिनबाह्यांचं लांब जॅकेट, साधा घेरदार स्कर्ट, स्वयंपाकाचा एप्रन, यांत पडदा छान बसतो. घट्ट ब्लाउज किंवा चुडीदार त्याच्यापासून करू नकोस. मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, कापडाचे चार थर एकावर एक येतात. जाड कापडाचे ते चार थर काखेत असे टोचतात की तो कुर्ता दुसऱ्यांदा कुणी घालत नाही.

आता कापड ओळखणं. हाताला सुती लागणारे निम्मे पडदे आजकाल पॉलिएस्टरचे किंवा मिश्र असतात. दुमडीच्या आतून चार धागे काढ, चिमट्यात धर आणि मोरीत, पाण्याची बादली जवळ ठेवून, काडी लाव. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे करडी, भुसभुशीत राख उरते. पॉलिएस्टर आधी आकसतो, मग वितळतो आणि काळा कडक मणी तयार होतो. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. मिश्र कापडात राख आणि मणी दोन्ही मिळतात. ही चाचणी टाळू नकोस, कारण पुढची एक गोष्ट तिच्यावर ठरते: जाळीचा पॉलिएस्टर पडदा कितीही परीसारखा दिसला, तरी भाचीचा फ्रॉक त्याचा शिवायचा नाही. पणती, फुलबाजी, गॅस यांच्याजवळ तो पेटला तर वितळून कातडीला चिकटतो. त्याच्या भाजीच्या पिशव्या शिव, कांदे-बटाटे ठेवायला उत्तम.

मागे रबरासारखा पांढरा थर असलेला जो राखाडी पडदा आहे, तोही कपड्यांतून वगळ. युद्धकाळात इंग्लंडमधल्या बायका ब्लॅकआउटच्या, म्हणजे रात्री घरातला उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना लावायच्या कापडाचे कपडे शिवायच्या असं तू लिहिलंस, ते खरं आहे. 1 जून 1941 पासून तिथे कपडे कुपनांवर मिळू लागले आणि ब्लॅकआउटच्या कापडाला कुपन लागत नव्हतं. पण ते दाट विणीचं काळं कापड होतं, त्यावर आजच्यासारखा थर नव्हता. आजच्या थराच्या पडद्यातून हवा जात नाही, धुतल्यावर थर सोलवटतो आणि सुईचं प्रत्येक भोक कायमचं दिसत राहतं. म्हणजे टीप चुकली की उसवायचीही सोय नाही. पावसाळी पिशवी कर त्याची.

राहिला तो जाड सुती, गेरूच्या रंगाच्या छपाईचा पडदा. खरी मजा त्यात आहे. आधी तो उजेडात धर. खिडकीचा पडदा वर्षानुवर्षं उन्हात असतो आणि ऊन रंग खातं तसा धागाही खातं. जी कड काचेकडे असायची तिथे दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून जोरात ताण. करकर आवाज आला किंवा विण सुटायला लागली तर ती पट्टी गेली असं समज आणि मोह न ठेवता कापून टाक. रंग उडाला असेल पण कापड दमदार असेल, तर उलटी बाजू बघ. छापील पडद्याची उलटी बाजू बऱ्याचदा सुलट्यापेक्षा सौम्य, अंगाला शोभणारी निघते. आईला विचारू नकोस, ती म्हणेल उलटं दिसतंय.

मग उसवायला बस. रिंगांची वरची पट्टी सरळ कापून काढ, खालची आणि बाजूंच्या दुमडी उसव. काही पडद्यांच्या खालच्या दुमडीत वजनासाठी शिशाच्या गोळ्या किंवा साखळी असते, ती कात्रीला लागू देऊ नकोस. उसवलेल्या जागी सुईची भोकं आणि गडद रेघ राहील. ओला फडका ठेवून इस्त्री केली की सुती कापडात भोकं बरीचशी मिटतात. रेघ मात्र जात नाही, कारण दुमडीतलं कापड मूळ रंगाचं राहिलेलं असतं. ती रेघ लपवण्याच्या खटाटोपात पडू नकोस. बाहीच्या टोकाशी किंवा खालच्या घेराशी घे, लोक मुद्दाम काढलेली किनार समजतात.

धुण्याच्या बाबतीत जुन्या कापडाचा एक फायदा आहे. ते जेवढं आटायचं तेवढं बहुतेक आटून झालेलं असतं. घोळ होतो तो त्याच्यासोबत लावलेल्या नव्या वस्तूंमुळे. मांजरपाटाचं अस्तर नवं आणलंस, तसंच शिवलंस आणि पहिल्या धुण्यात ते आत आकसलं की बाहेरचा कुर्ता फुगतो, आणि मग कितीही इस्त्री कर. अस्तर रात्रभर भिजवून, खळ काढून, वाळवून मगच बेत.

मापाचं गणित सोपं आहे. दाराचा तयार पडदा बहुधा 4 फूट रुंद आणि 7 फूट लांब असतो. वरची पट्टी गेली आणि खालची दुमड उघडली की साधारण 48 रुंद आणि 80 इंच लांब कापड हाती लागतं असं धरून चाल, पण टेप लावल्याशिवाय त्यावर विसंबू नकोस. तुझी छाती 36. चौथा हिस्सा 9, जाड कापड म्हणून सैलपणा 2, शिवणीची माया (शिवणीत जाणारं जादा कापड) 1, झाले 12. कापड दुमडून घडीवर कापायचं, म्हणून उघडल्यावर पुढचा भाग 24, मागचा 24. दोन्ही शेजारी ठेवले की 48 भरतात, सूतभर उरत नाही. उंची 42 हवी तर 44 धर. खाली 36 इंच उरतात, त्यात 20 इंची बाह्या निघतात आणि गळ्याची पट्टी, खिसे यांना पुरेसं राहतं. छाती 38 असती तर पडदा पुरला नसता. अशा वेळी बगलेत उशीच्या अभ्र्याची किंवा जुन्या साडीच्या काठाची पट्टी घालायची. ती दोन्ही बाजूंना सारखी घाल, म्हणजे कुणी कारण विचारत नाही.

कापण्यापूर्वी एक धागा आडवा ओढून काढ. कारखान्यात पडदे भराभर कापले जातात, त्यामुळे खालची कड धाग्याला सरळ असेलच याची खात्री नाही. तू कडेवर भरवसा ठेवून कापलंस तर कुर्ता एक-दोन धुण्यांत एका बाजूला फिरतो आणि बाजूची शिवण पोटावर येते. शिवायच्या आधी या गोष्टीला जो अर्धा तास लागतो तो दे. छपाईत मोठी फुलं असतील तर ती छातीवर नेमकी कुठे येतात तेही कागदी बेत ठेवून बघ. या विषयावर जास्त लिहीत नाही, लाज तुलाच वाटेल.

यंत्राला 16 नंबरची सुई लाव, 14 नको. टाका थोडा मोठा ठेव. प्रत्येक शिवण टीप मारल्या-मारल्या इस्त्रीने उघडून दाब. पातळ कापडात हे शेवटी एकदम केलं तरी चालतं, पडद्याच्या कापडात नाही. गळ्याला त्याच कापडाची पट्टी जाड होते, तेव्हा तिथे पातळ चादरीतून उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी काढ. जुनी चादर एवढ्यासाठीसुद्धा घरात असावी. डबल बेडच्या चादरीचा मधला भाग झिजलेला असतो, पण गादीखाली खोचलेल्या कडा कोऱ्या राहतात, त्या कडांतून पट्ट्या, खिशांची अस्तरं, पायजम्याचा नेफा काय हवं ते निघतं. आणि नवा बेत करायचा असेल तेव्हा पडद्यावर कात्री चालवायच्या आधी त्याच चादरीच्या झिजक्या भागात कच्चा कुर्ता शिवून अंगावर घालून बघ. मुंढा किती ओढतो ते तिथेच कळेल.

मखमलीच्या पडद्याबद्दल थोडंसं. हात फिरवलास की एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लागेल. सगळे तुकडे एकाच दिशेने काप, नाहीतर एक बाही गडद आणि एक फिकी दिसते. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल ठेवून. आणि त्याला टाचण्याही मोजक्या लाव, व्रण राहतात. पहिल्याच वर्षी हात घालण्याचं हे कापड नाही. ठेवून दे, ते खराब होत नाही.

आजीकडच्या सोलापुरी चादरीचं जॅकेट करायचं म्हणतेस, त्याला माझा होकार आहे, चादर फाटकी असेल तर. जॅकार्ड मागावरची ती विण जाड आणि उबदार, उलट्या बाजूला रंगांची अदलाबदल झालेली. त्यामुळे अस्तर लावू नकोस आणि कॉलर उलट्या बाजूने कापून बघ. मात्र कापलेली कड हातात धरेपर्यंत उसवायला लागते. खडूने बेत काढला की आधी रेघेच्या आतून टीप मार, मगच कात्री. चादर धडधाकट असेल तर तिला हात लावू नकोस. आजी पांघरते ना अजून?

भाचीसाठी आजोबांचं जुनं धोतर शोध. बाळांना झबली-टोपडी जुन्या धोतराची आणि लुगड्याची शिवत आले ते काटकसर म्हणून, हे आहेच. पण वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताइतकं मऊ कापड दुकानात विकत मिळत नाही, हेही तितकंच खरं. झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला घे आणि बटणाऐवजी बंद लाव.

प्रदर्शनात विकायचा विचार तू शेवटच्या ओळीत हळूच घातलायस, तो मी वाचला. विक जरूर. फक्त कापड फुकट होतं म्हणून किंमत कमी लावू नकोस. उसवणं, धुणं, डाग चुकवून बेत बसवणं, यात नव्या कापडापेक्षा वेळ जास्त जातो आणि तो वेळ तुझाच आहे. तास लिहून ठेव. दुसरं, मीटरवर मिळणाऱ्या कापडापेक्षा सेलमधला नवा पडदा स्वस्त पडतो म्हणून काही जण तो आणून कापतात. त्यात गैर काही नाही, पण त्या कुर्त्यावर ‘जुन्यातून नवं’ अशी चिठ्ठी लावायची नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर कापड कुठलं ते सांग. आणि पॉलिएस्टर मिश्र असेल तर न विचारताही सांग, घालणाऱ्याला घामाचा त्रास होतो.

तुकडे टाकू नकोस, गोधडीला लागतात. सुती आणि पॉलिएस्टर वेगळ्या पिशव्यांत ठेव, एकाच गोधडीत दोन्ही घातले तर आटण्यात फरक पडून ती सुरकुतते. आणि तुझ्याकडे इंटरलॉकचं, म्हणजे कापलेली कड उसवू नये म्हणून धाग्याने बांधणारं, यंत्र नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या इंटरलॉकवाल्याला आधीच विचार तो एवढं जाड कापड घेतो का. काही जण सुई तुटते म्हणून नाही म्हणतात. नाही म्हणाला तर माझ्याकडे घेऊन ये, माझं यंत्र जुनं आहे पण घेतं.

काकू