डोंगरउतारावरची ती पिवळी फुले कोणती, आणि ती लावता येतील का?

ऑक्टोबरमध्ये घोटीहून त्र्यंबककडे जाताना उतारांवर पसरलेली पिवळी फुले कोणत्या रानझाडाची, आणि गावाकडच्या अर्धा एकर मुरमाड तुकड्यात किंवा गच्चीतल्या कुंड्यांत ती लावता येतील का, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून ती खुरासणी, म्हणजेच कारळे, असावी. ते रानफूल नसून मूळचे इथिओपियातले तेलबियांचे पीक आहे. मात्र ते इतक्या कमी मशागतीवर येते की पाहणाऱ्याला रानटी वाटावे. सूर्यफुलाच्याच कुळातली सोनकी मात्र खरोखर रानची, आणि तीही त्याच सुमारास सह्याद्रीवर फुलत असल्याने दोघींत गल्लत होते. खात्री करायची असेल तर वाळलेले बोंड तळहातावर चोळून फुंकर मारावी. सोनकीच्या बियांना पांढऱ्या केसांचा झुपका असतो व त्या उडून जातात. खुरासणीचे बी काळे, चकचकीत, झुपका नसलेले असते आणि हातावरच राहते. सोनकी सड्यावरून, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावरून, उपटून आणू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ती तिथेच शोभते.

इगतपुरी, पेठ, त्र्यंबक भागात वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीत पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई आणि कस उतरला की तिसऱ्या वर्षी खुरासणी, असा फेर जुना आहे. त्यामुळे आपल्या मुरमाड तुकड्याची चिंता नको. पाणी साचू देऊ नये, एवढेच पाहावे. पेरणी जुलैत, फार तर ऑगस्टच्या सुरुवातीस करावी. अर्ध्या एकराला एक किलो बी पुरते. ते बारीक असल्याने चाळलेल्या शेणखतात किंवा वाळूत मिसळून, दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर ठेवून, उथळ पेरावे आणि रोपे वर आल्यावर दोन रोपांत 10 सेंटिमीटर राहील अशी विरळणी करावी. इगतपुरीच्या संशोधन केंद्रातील ‘सह्याद्री’ हा वाण या भागात परिचित आहे. हिरव्या पिकाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आमच्याकडे ते इतर पिकांच्या कडेनेही पेरतात.

आता मुख्य गोष्ट. खुरासणीच्या झाडाला स्वतःचे परागकण सहसा चालत नाहीत. दुसऱ्या झाडाचे पराग मधमाशीने आणून दिले तरच दाणा भरतो. म्हणून गच्चीतल्या एकट्यादुकट्या कुंडीत फुले भरपूर येतील, पण बोंडे बहुतेक पोकळ निघतील. कुंड्यांतच लावायची असेल तर निदान दाट ताटवा करावा. शेतात खतापेक्षा सातेरी आणि आग्या या मधमाश्यांची ये-जा उत्पन्न ठरवते, त्यामुळे पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक मारू नये, आणि अगदीच टळत नसेल तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी मारावे. जवळपास कोणी सातेरीच्या पेट्या ठेवत असेल तर त्यास आपण होऊन बोलवावे. दोघांचेही भले होते.

या पिकाचा खरा वैरी म्हणजे अमरवेल, दुसऱ्या झाडाला वेढून त्याच्या रसावर जगणारी वेल. तिचे बी खुरासणीच्या बियांतूनच शेतात येते. ते अधिक बारीक असते, म्हणून पेरण्यापूर्वी बी चाळून घ्यावे, आणि तरीही पिवळट धाग्यांचे जाळे दिसलेच तर ते फुलण्यापूर्वी धरलेल्या झाडासकट उपटून जाळावे. नुसते धागे तोडले तर उरलेल्या तुकड्यातून वेल पुन्हा फुटते.

पीक साधारण साडेतीन महिन्यांत तयार होते. पाने वाळून बोंडे काळपट झाली की लगेच कापणी करावी, कारण उशीर झाल्यास दाणे शेतातच झडतात. पेंढ्या उन्हात वाळवून काठीने झोडपाव्यात. वरकस जमिनीत हेक्टरी तीन-चार क्विंटलच उतरत असल्याने आपल्या तुकड्यातून फार पैसा मिळणार नाही. घरचे तेल, दुभत्या जनावराला पेंड आणि वर्षभराची कारळ्याची चटणी मात्र सहज निघेल. पुढच्या पेरणीचे बी अमरवेल न दिसलेल्या भागातूनच वेगळे काढून ठेवावे.