रोबोटचं नंतर, आधी तो फॉर्म काढा

कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणारे एक वाचक विचारतात: आईचे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत. साध्या शस्त्रक्रियेला साडेचार लाख, रोबोटिकला सहा. कोणती करू? आत्ता पर्सनल लोन काढायचं आणि आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या मेडिक्लेमचे पैसे आले की फेडायचं, असा बेत. ‘गुडघेदुखी फॉर्ममध्ये लिहू नका, असं एजंट म्हणाले होते,’ हे त्यांनी ओघात लिहिलंय.

त्या ओघातल्या वाक्याबद्दलच बोलतो. क्लेम विसरा. झिजेमुळे सांधा बदलायचा असेल तर बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. शिवाय केसपेपरवर ‘चार वर्षांपासून दुखणं’ असं लिहिलेलं असणारच. तो पेपर कंपनीच्या हाती पडला, की माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द होऊ शकते. उद्या आईच्या हृदयाचं काही निघालं तर तोही खर्च तुमच्याच खिशातून. एजंटाचं कमिशन केव्हाच जमा झालंय! खरी माहिती कंपनीला आजच लेखी कळवा. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसी जाईलही; पण आत्ता तुमच्याकडे आहे तो नुसता कागद आहे.

साडेचार लाखांच्या कर्जाचं व्याज 14 टक्के धरलं तर पहिल्याच वर्षी पन्नास-साठ हजार. आईच्या नावावर सात लाखांची एफडी आहे म्हणता. तिच्या गुडघ्यांसाठी ती मोडायची नाही, तर कशासाठी ठेवलीय?

मात्र आई येत्या मार्चमध्ये सत्तरीची होते, हे तुम्हीच लिहिलंय. आधारवर 70 पूर्ण झाली की मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, जुनं दुखणंही पहिल्या दिवसापासून धरतात. डॉक्टर थांबू देत असतील तर थांबा. सांगली-मिरजेतल्या कोणत्या हॉस्पिटलात ही शस्त्रक्रिया कार्डावर होते, हे आधी स्वतः जाऊन विचारा. कार्डावर रोबोट मिळेल ही आशा नको. आणि आईला रात्री झोपच लागत नसेल तर मार्चची वाट बघू नका, एफडी मोडा.

राहिला रोबोट. त्याने कृत्रिम सांधा वेगळा मिळत नाही, तो बसवायची पद्धत तेवढी बदलते. 2017 मध्ये सरकारने सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा तेव्हा 54,720 रुपये अधिक जीएसटी ठरला. म्हणून अंदाजपत्रकात सांध्याचा आकडा वेगळा लिहून मागा. वरच्या दीड लाखात फिजिओथेरपी आणि घरातला कमोड होऊन पैसे उरतील. डॉक्टरांना एवढं मात्र विचारा: झीज एकाच बाजूला असेल तर अर्धाच गुडघा बदलून भागेल का?