माळ, हाफ तिकीट आणि होणारा जावई

"देवाला जो भीत न्हाई, तो माझ्या पोरीला भिणार व्हय?"

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत काका खुर्चीत टेकायच्या आधीच हे म्हणाले. पासष्टीच्या आसपासचे, पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गाव लोणंदच्या बाजूचं, जिथे दर आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला असते. सोबत काकू आणि सत्तावीस वर्षांची मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे. काकांची अट एकच होती, "एसटी तेवढी राहू द्या.")

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं स्वतः मुलगा पसंत केलेला. जात तीच, शिक्षण बरोबरीचं, पगार बरा. सगळं जमत होतं. पहिल्यांदा घरी आला तेव्हा काकूंनी सवयीनं सांगितलं, देवाला नमस्कार कर. तो हसून म्हणाला, "मी नाही करत, काकू. पण समई फार सुंदर आहे तुमची." झालं! समईचं कौतुक कुणाच्या कानावर गेलंच नाही.

ही तक्रार वेगवेगळ्या कपड्यांत माझ्याकडे सारखी येते. मुलगा नास्तिक झालाय, सून एकादशी धरत नाही, जावई दुसऱ्या धर्माचा शोधलाय. उलटीही येते, आणि ती लोक तक्रार म्हणून मोजत नाहीत. शिकलेली मुलं वडिलांच्या गळ्यातली माळ बघून त्यांना मनातल्या मनात निकालात काढतात. मीही त्या दिवशी तेच केलं. काका आत येताना मी वहीत लिहिलं होतं, 'कर्मठ?' प्रश्नचिन्ह घातलं म्हणून बरं, नाहीतर आता फार लाज वाटली असती.

पहिला तास वायाच गेला म्हणायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, गाडगेबाबा कुठे देवळात जाऊन बसायचे?" काका म्हणाले, "गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला होता. तुझ्या त्यानं काय घेतलंय, लॅपटॉप?" मला हसू आवरेना. मुद्दा तसा बिनतोड होता, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शेवटी मी काकांना एक गोष्ट सांगितली. 2017 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं, तेरा देशांतलं, त्यात भारतही होता. लोकांना एका क्रूर माणसाचं वर्णन वाचायला दिलं आणि तो कोण असेल याचा अंदाज विचारला. तो देव न मानणारा असेल, असं मन पटकन धरतं, असं दिसलं. गंमत म्हणजे स्वतः देव न मानणाऱ्यांचंही तसंच झालं. काका पुढे झुकले. "म्हंजे त्याचं त्यालाबी तसंच वाटतं?" म्हटलं, हो. मनाला तसं वाटतं. पण वाटतं म्हणून ते तसं असतं, असं नाही.

दुसऱ्या वेळी ते दोघंच आले, मुलीला आणलं नाही. मी विचारलं, "काका, इतकी वर्षं बसमध्ये माणसं बघितलीत. प्रामाणिक कोण, हे कशावरून ओळखायचात?"

काका खुलले. "तिकिटावरनं. बारा वर्षांवरच्या पोराचं हाफ तिकीट मागतं का, त्यावरनं. मिसरूड फुटलेलं पोरगं आणि आई म्हणती, दहावं चालू हाय. आणि सुट्ट्यावरनं. गर्दीत माझ्याकडनं पन्नास जास्त गेले, तर परत देतं का खिशात घालतं."

"आषाढीच्या जादा गाड्यांना ड्यूटी असायची का?"

"तर! दरवर्षी."

"त्या गाडीत हाफ तिकीटवाले कमी असायचे?"

काका गप्प बसले. मग मान हलवत हसले. "न्हाई ओ. सारखेच. एकदा तर टाळ घेतलेल्या बुवानंच…" पुढचं बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "पटतंय मॅडम. पण खाली उतरत न्हाई."

हे वाक्य मी अधोरेखित केलं. समुपदेशनात डोक्याला पटलेलं पोटात का उतरत नाही, तेच तर शोधायचं असतं. बोलताना काकांचा अंगठा माळेच्या एकाच मण्यावर घासत होता. जप करताना बोटं पुढे सरकतात. यांचं बोट तिथेच होतं.

"माळ कधी घातलीत?"

काकूंनी मान खाली घातली. काका म्हणाले, "चौऱ्याण्णवला." मुलीच्या जन्माआधी तीन वर्षं.

मग हळूहळू बाहेर आलं. त्याआधी काका पीत होते. पगार झाला की वाट गुत्त्यावरून जायची. एकदा ड्यूटीवर तोंडाचा वास आला म्हणून निलंबन झालं. काकूंच्या डोरल्यातल्या सोन्याच्या दोन वाट्या विकल्या गेल्या. त्या वर्षी एका शेजाऱ्याबरोबर वारीला गेले, पंढरपुरात माळ घातली, आणि तेव्हापासून थेंब नाही. "ही काढली ना मॅडम, तर मी परत तोच."

महाराष्ट्रात माळ घालून दारू सुटलेली घरं कमी नाहीत. माळकऱ्यानं मांस-मद्याला शिवायचं नाही हा नेम. तो चारचौघांत, गुरूच्या समोर घेतलेला असतो, आणि गाव त्यावर नजर ठेवतं. व्यसनमुक्तीच्या भाषेत ज्याला आधारगट म्हणतात, तो काकांना गावच्या दिंडीतच मिळाला होता. श्रद्धेला हात लावायचा तर हे आधी बघावं लागतं. तिच्यावर एखाद्याचा अख्खा संसार टेकलेला असू शकतो.

आता काकांचं पहिलं वाक्य मला वेगळं ऐकू आलं. ते त्या मुलाला जोखत नव्हते. माळ नसलेला माणूस म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे चौऱ्याण्णवच्या आधीचे ते स्वतः उभे राहत होते.

इतका वेळ गप्प असलेल्या काकूंना मी विचारलं, "तुम्हाला काय वाटलं होतं, यांनी माळ घातली तेव्हा?"

"काय वाटायचं? घातली म्हणून मी काय लगेच इस्वास ठेवला न्हाई. दोन वर्षं दर महिन्याला पगार मोजून घेतला हातात." काका छताकडे बघायला लागले. "तिसऱ्या वर्षी मोजायचं सोडलं."

मी मनात म्हटलं, या बाईंनी माझं काम करून टाकलंय. मला एवढंच जोडायचं होतं. "काका, माळ हा तुमच्या गाडीचा ब्रेक. त्या मुलाचा ब्रेक दुसरा असेल. दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं धरू नका. आणि पुरोगामी मुलगा आहे म्हणजे असणारच, असंही धरू नका. दाबून बघा."

दाबायचा कसा, यावर आम्ही बराच वेळ घालवला. घरी जेवायला बोलावून काही कळत नाही, जेवायला आलेला प्रत्येक जण गुणीच असतो. इथे मला प्रिन्स्टनचा एक जुना प्रयोग आठवला, 1973 साली प्रसिद्ध झालेला. धर्मशास्त्र शिकणारे चाळीस विद्यार्थी. त्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता, वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत खरोखरच एक माणूस दारात खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांतले 63 टक्के थांबले. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांतले जेमतेम 10 टक्के. भाषणाचा विषय काय, यानं फारसा फरक पडला नाही. म्हणजे श्रद्धेवरून माणूस कळत नाही हे खरं, पण एखाद्या कृतीवरूनही कळत नाही. सवडीत सगळेच बरे असतात. "घाईत असताना बघा," मी म्हटलं. "पैसे अडकल्यावर, कुणी नाही म्हटल्यावर, ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याच्याशी बोलताना. आणि तीन-चार महिने द्या."

काकांनी हे फारच मनावर घेतलं. तिकीट चेकिंगच्या थाटात.

मधल्या काळात मी त्या मुलाला एकट्याला भेटले. बोलका, वाचणारा, अंधश्रद्धांविरुद्ध हिरिरीनं बोलणारा. काकांबद्दल विचारलं तर म्हणाला, "चांगले आहेत, पण जुन्या वळणाचे." त्यांच्याविषयी आणखी काय माहीत आहे? "माळकरी आहेत. वारी करतात." आणखी? तो थांबला. सहा महिन्यांत त्याला काकांविषयी त्यांच्या श्रद्धेपलीकडे काहीच कळलं नव्हतं. जी तक्रार तो काकांबद्दल करत होता, तीच त्याच्यावर उलटली होती, आणि पोरगं हुशार म्हणून ते त्याला माझ्याआधी समजलं.

चौथ्या महिन्यात सगळे एकत्र बसलो. दारूची गोष्ट सांगायची की नाही, हे मी काकांवर सोडलं होतं. त्यांनी सांगितली. मुलीला काहीच माहीत नव्हतं. ती आईच्या गळ्याकडे बघत राहिली. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. "ग्रेट आहात काका" वगैरे म्हणेल अशी मला भीती होती. तो म्हणाला, "पहिलं वर्ष कसं काढलंत?"

काका वीस मिनिटं बोलले. पगाराच्या दिवशी डेपोतून घरी यायला लांबची वाट कशी धरायचे, हात थरथरायचे तेव्हा तिकिटाला पंच मारताना काय व्हायचं, सगळं.

आणि मग, सगळं गोड झालंय असं वाटत असताना, काका माझ्याकडे वळले. "मॅडम, देव मानत न्हाई ते ऱ्हाऊ द्या आता. पण हा आईचा फोन कट करतो. तीनदा बघितलंय मी. दोनदा मेसेजबी केला न्हाई नंतर."

मुलगा लाल झाला. "काका, ऑफिसच्या गडबडीत होतो…"

"गडबडीतच बघायचं असतंय. मॅडमनीच सांगितलंय."

मुलीला वडिलांची बाजू घ्यावी की त्याची, कळेना. ती दोघांवरही चिडली. मुलानं मात्र वाद घातला नाही. देव न मानण्याबद्दल त्याच्याकडे पाठ उत्तरं होती, याचं एकही नव्हतं. पुढच्या वेळी तो म्हणाला, आई एकटी असते, फोन घेतला की रडते, म्हणून मी टाळतो. तिथून आमचं वेगळंच काम सुरू झालं. ते चालू आहे.

जाता जाता काकांची एक व्यवहारी शंका. फॉर्मवर धर्म काय लिहिणार हा? मी वकील नाही, पण एवढं माहीत होतं, ते सांगितलं. धर्म लिहायची सक्ती सरकारला करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्ये म्हटलं आहे. आणि दोघांनी 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करायची ठरवली, तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. "तीस दिवस हाईत म्हणा अजून," काका म्हणाले. हे ते कोणत्या अर्थानं म्हणाले, मी विचारलं नाही.

नोटीस गेल्या आठवड्यात दिली. लग्नानंतर सत्यनारायण घालायचा की नाही, त्यावरून काकू आणि मुलगा यांचं अडलंय. येत्या गुरुवारी चार वाजता येतायत. या वेळी काकूंना आधी बोलायचंय.