टाकीतला मका

"श्रीमंत देशांच्या हरित धोरणांमुळे गरिबांचं अन्न महागतं, की हा तेल कंपन्यांचा कांगावा?" हा प्रश्न दर वर्षी येतो. कांगावा आहेच, पवनचक्कीने कुणाचं ताट पळवलेलं नाही. जैवइंधनाच्या, म्हणजे पिकांपासून बनवलेलं इंधन पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळण्याच्या, सक्तीबद्दल मात्र तक्रार खरी आहे.

एक बुशेल मका म्हणजे साधारण २५ किलो. त्यातून दहा-साडेदहा लिटर इथेनॉल निघतं आणि सात-आठ किलो चोथा उरतो, तो जनावरांना जातो. (टीकाकार हा चोथा सोयीस्करपणे विसरतात.) अमेरिकेने २००५ मध्ये जैवइंधन मिसळणं सक्तीचं केलं आणि २००७ मध्ये लक्ष्य वाढवून २०२२ साठी ३६ अब्ज गॅलनवर नेलं. आज तिथला एक तृतीयांशाहून जास्त मका इथेनॉलला जातो. २००७ च्या जानेवारीत मेक्सिको सिटीत टॉर्टियाच्या (तिथली मक्याची पोळी) भावावरून मोर्चा निघाला. टॉर्टिया पांढऱ्या मक्याची आणि इथेनॉल पिवळ्याचं, हे खरं. पण पिवळा महागला की पशुखाद्यवाले पांढऱ्याकडे वळतात. साठेबाजांनीही हात धुऊन घेतले, ते वेगळं.

माझा खरा आक्षेप ताठरपणावर आहे. पीक बुडालं की सगळेच हात आखडतात. कायद्याने ठरलेला कोटा आखडत नाही. तूट उरलेल्यांच्या वाट्याला येते. २०१२ मध्ये अमेरिकेत भीषण दुष्काळ पडला. एफएओचे (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) प्रमुख म्हणाले, सक्ती तात्पुरती थांबवा. अमेरिकेतल्याच काही गव्हर्नरांनीही तीच मागणी केली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने ती फेटाळली. युरोपने निदान २०१५ मध्ये अन्नपिकांपासूनच्या इंधनावर ७ टक्क्यांची मर्यादा घातली.

गॅसची गोष्ट याहून बोचरी. युरिया बनतो अमोनियापासून आणि अमोनिया बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून, म्हणून गॅस महागला की खत आणि मग अन्नही महागतं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जर्मनीसह तीसेक देशांनी ठरवलं की परदेशातल्या जीवाश्म इंधन प्रकल्पांना सरकारी पैसा द्यायचा नाही. पुढच्याच वर्षी रशियन गॅस आटला आणि युरोपने एलएनजीची (द्रवरूप नैसर्गिक वायू) जहाजं मिळेल त्या भावात उचलली. जुलैत पाकिस्तानच्या एका निविदेला एकही बोली आली नाही, बांगलादेशाने चालू भावाने होणारी खरेदीच थांबवली. यात मुख्य दोष युक्रेन युद्धाचा, हवामान धोरणाचा नव्हे, हे मान्य. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर शोल्त्झ डाकारला जाऊन सेनेगलच्या गॅसबद्दल बोलणी करत होते.