गुडघा दुखत नाही, पण सुजतो

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय 73, राहणार वाई. 2010 साली उजवा गुडघा बदलला. इतकी वर्षं तक्रार नव्हती. दिवाळीपासून संध्याकाळी गुडघा सुजतो, जिना उतरताना डगमगतो, आतून कट्‌ आवाज येतो. दुखत मात्र नाही. एक्स-रे पाहून ‘धातू जागेवर आहे’ म्हणाले. मग सूज कशाची?

उत्तर : बाई, दुखत नाही म्हणून थांबू नका. धातूच्या दोन भागांमध्ये पॉलिइथिलीन या प्लास्टिकची चकती असते, जेमतेम सेंटिमीटरभर जाड. एक्स-रेत ती दिसतच नाही, दिसते ती दोन धातूंमधली फट. झोपवून काढलेल्या फोटोत ती फटही फसवते. उभं राहून, पायावर भार देऊन फोटो काढा आणि ऑपरेशननंतरच्या जुन्या फोटोशेजारी ठेवायला सांगा. फट एका बाजूला कमी झाली असेल, तर चकती झिजल्याचा दाट संशय घ्यायचा.

झिजलेल्या प्लास्टिकची भुकटी डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते. शरीरातल्या पेशी ती गिळतात, पण त्यांना ती पचत नाही, आणि त्या झटापटीत भोवतालचं हाड विरघळू लागतं. तेही मुकाट्याने. दुखायला लागेपर्यंत बऱ्याचदा धातू सैल झालेला असतो. अशा गुडघ्यांतून काढलेल्या चकत्या मी पाहिल्या आहेत : पिवळट पडलेल्या, आतल्या बाजूला खळगे, कडेला सुटलेले पापुद्रे. ऑक्सिजन हा या प्लास्टिकचा वैरी. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एक्झॅक्टेक कंपनीने गुडघ्याच्या चकत्या परत मागवल्या, त्या पाकिटात ऑक्सिजन अडवणारा एक थर नव्हता म्हणून. तुमची चकती कोणती, हे मला पत्रावरून कळत नाही.

आधी जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहायचं. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि गुडघ्यातलं पाणी तपासून घ्या. तो नसेल, धातू घट्ट आणि सरळ बसलेला असेल, तर बहुधा नुसती चकती बदलून भागतं. हाड गेल्यावर मात्र सगळा सांधा पुन्हा बसवावा लागतो, आणि तुमच्या वयात ते ऑपरेशन बरंच जड जातं. तोवर मांडी घालणं, खाली बसणं बंद.

जाताना 2010 ची फाइल न्या. त्यात ऑपरेशनच्या कागदावर सांध्याचे छोटे स्टिकर चिकटवलेले असतात. कंपनी, माप, लॉट नंबर त्यावरच असतो. ते नसतील तर नवी चकती जुन्या धातूत बसेल अशी मिळवणं फार अवघड होतं.